कूचियोसला नक्की जा

मिरज, २९ नोव्हेंबर

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे कोणी हसतच नाही." बसमध्ये शेजारी बसणारी बाई, दुकानातली मुलगी, प्रॅक्टिकलची जोडीदार, सगळ्यांचे चेहरे बंद. आणि मग फोन ठेवता ठेवता सांगितलंस की रूममेटने तुला २४ डिसेंबरला गावी, तिच्या घरी बोलावलंय आणि तू "बघते" म्हणून विषय सोडून दिलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहिते.

अगं, ती रात्र म्हणजे कूचियोस. लिथुआनियातला सगळ्यात घरगुती सण. त्या जेवणाला सहसा फक्त घरची माणसं बसतात. जी मुलगी सप्टेंबरपासून "खिडकी उघडू का?" यापलीकडे तुझ्याशी फारसं बोलली नाही, तिने तुला नेमकं याच रात्री बोलावलंय. तिने तुला इतके दिवस नीट पाहिलं, पारखलं आणि मग विचारलं. हसून बोलणाऱ्या पन्नास जणांपेक्षा मला या बोलावण्याचं मोल जास्त वाटतं.

तुझी खाण्याची अडचण मला ठाऊक आहे. पण त्या रात्री मांस वर्ज्य असतं. जुन्या रीतीने दूध, अंडी, लोणीही नाही. बारा पदार्थ करतात: बीट, मशरूम, वाटाणे, किसेल म्हणजे क्रॅनबेरीचं दाटसर पेय, आणि कूचुकाइ नावाची छोटी छोटी बिस्किटं, जी चक्क खसखशीच्या दुधात भिजवून खातात. हेरिंग मासा मात्र हमखास असतो, तोही दोन-तीन प्रकारे. तेव्हा मासे खात नाहीस हे आत्ताच सांगून टाक. ताटात आल्यावर तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं. बाकी प्रत्येक पदार्थ थोडा तरी चाख, तशी रीतच आहे.

टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली वाळलेलं गवत पसरलेलं असेल. आणि कदाचित एक ताट मांडलेलं असेल, पण तिथे कोणी बसणार नाही. ते घरातल्या गेलेल्या माणसाचं. पितृपक्षात आपण आजोबांचं पान वाढतो तसंच. कोणाचं म्हणून विचारू नकोस, सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतील. जेवणाआधी एक पातळ, पांढरी पापडी एकमेकांच्या हातातून मोडून खातात. तुझ्यापुढे धरतील. मोडून घे, आणि तुझ्या हातातली त्यांच्यापुढे धर.

फुलं नेशील तर विषम संख्येत ने, सम संख्येतली फुलं तिथे मयताला वाहतात. बूट दारात काढायचे. आणि उंबरठ्याच्या अलीकडून-पलीकडून हात मिळवायचा नाही. आत जायचं, मग हात पुढे करायचा. हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." तुझी सीनियर पुढच्या आठवड्यात परत जातेय, तिच्याबरोबर तिळाच्या वड्या पाठवते. गुळातल्या, तुपाचा हात न लावता थापलेल्या, म्हणजे त्या रात्रीही चालतील.

आता त्या "बघते"बद्दल. आपल्याकडे "बघते" म्हटलं की समोरचा काय ते समजून घेतो. तिथे तिची आई माणसं मोजून ताटं मांडणार. येणार असशील तर हो म्हण, नसशील तर नाही म्हण. प्रेझेंटेशनच्या वेळी जोडीदार तोंडावर "तुझा भाग कच्चा आहे" म्हणाली म्हणून तू रात्रभर रडलीस. मलाही वाईट वाटलं. पण तिने तो कच्चा भाग सरांच्या आधी तुला दाखवला, हे विसरू नकोस. तिथे मागून बोलण्यापेक्षा समोर बोलतात, आणि बोलून झालं की त्यांच्या दृष्टीने ते संपलेलं असतं.

वाचनालयात बसून मी तुझ्या त्या देशाबद्दल मिळेल ते वाचते आहे. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारने लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तकं छापायला बंदी घातली होती. तेव्हा साधे शेतकरी शेजारच्या प्रशियात छापलेली पुस्तकं पाठीवर लादून, रात्री सरहद्द ओलांडून आणत. पकडले गेले तर सैबेरिया, कधी गोळी. काउनसच्या युद्ध संग्रहालयाच्या बागेत अशाच एका पुस्तकवाहकाचा पुतळा आहे. मी ग्रंथपाल आहे गं, माझ्यासाठी तरी तिथे जाऊन ये.

पुढे १९४१च्या जूनमध्ये सोव्हिएत राजवटीने हजारो कुटुंबं घरातून उचलून मालगाड्यांतून सैबेरियात नेली, आणि युद्धानंतर पुन्हा तेच. शेजाऱ्यापुढेही शब्द तोलून बोलावा लागे असा तो काळ. त्यांच्या अबोलपणाचं हे एकच कारण नसेल. पण तुझ्या रूममेटची आजी त्याच काळात वाढली असणार, आणि तिने मुलांना काय शिकवलं असेल याचा मला अंदाज येतो. म्हणून सांगते, "हे रशियासारखंच आहे" असं कुठेही बोलू नकोस. इथे कोणी "सायली रशियाकडे शिकते" म्हटलं की मी तिथल्या तिथे सुधारते. १३ जानेवारीला सकाळी आठ वाजता खिडक्यांतून मेणबत्त्या दिसतील. १९९१ साली त्या रात्री राजधानी विल्न्यूसच्या टीव्ही टॉवरपाशी नि:शस्त्र लोक सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभे राहिले, चौदा जण गेले, त्यांच्यासाठी. तुझ्याही खिडकीत एक लाव.

जेवताना काय बोलावं असं वाटलं तर कालेनबाख यांचा विषय काढ. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना टॉल्स्टॉय फार्मसाठी जमीन देणारे त्यांचे मित्र मूळचे लिथुआनियाचे. रुस्ने गावात दोघांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. आणि बास्केटबॉल तर आहेच. एकदा झाल्गिरिस संघाचा सामना बघायला जा, तुझे ते न हसणारे लोक किती ओरडतात ते कळेल.

एक मात्र वेगळं ठेव. अबोल असणं निराळं आणि रंगावरून, देशावरून टोमणा मारणं निराळं. तसं काही झालं तर गप्प बसायचं नाही. विद्यापीठाच्या ऑफिसात लेखी द्यायचं आणि मला त्याच दिवशी फोन करायचा.

डिसेंबरात तिथे चारला अंधार पडतो, दिवस जेमतेम सात तासांचा. दुपारी लेक्चर नसेल तेव्हा खोलीत झोपू नकोस, नेमुनस नदीच्या काठाने चालून ये. डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी सुरू कर. गावाकडच्या रस्त्यावर अंधारात चालायचं असेल तर कोटाला चमकणारी पट्टी लाव, तिथे तो नियम आहे. सुट्टीत बसला गर्दी असेल, तिकीट लवकर काढ. पण आधी रूममेटला आजच हो म्हणून सांग, आणि तिच्या आईला कुठली फुलं आवडतात तेही विचारून घे.

तुझी,
आई