लाल रंग पुरेसा नाही, नकाशात गल्ल्या हव्यात

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याच्या तयारीची बातमी कालच्या अंकात वाचली. नियंत्रण कक्षात मोठा पडदा लागला, त्यावर नागपूर शहराचा नकाशा दिसतो, नदीकाठच्या वस्त्या लाल रंगात आहेत वगैरे. काम सुरू झालं याचं बरं वाटलं. पण त्या लाल पट्ट्यात कोण, कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर राहतं, याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आम्ही विसरलेलो नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली. आमच्या तळमजल्यावर पाणी पलंगाला टेकलं होतं आणि पलंगावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मदतीच्या क्रमांकावर फोन लागला. पलीकडच्या मुलानं पत्ता विचारला. लेआउटचं नाव, प्लॉट नंबर, सगळं सांगितलं. ‘नकाशात दिसत नाही मॅडम, जवळची खूण सांगा.’ कोपऱ्यावरचा पानठेला सांगितला, तर तो पाण्याखाली. देवीचं मंदिर सांगितलं, तर त्या नावाची मंदिरं दोन. शेवटी त्यानं पिनकोड विचारला. पिनकोडवर बोट कशी येणार? ती मुख्य रस्त्यावर आली, हाका मारल्या आणि पुढे गेली. आम्ही गॅलरीतून टॉर्च हलवत राहिलो. अखेर शेजारच्या पोरांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढण्यांनी बांधलं आणि खुर्चीसकट जिन्यानं वर नेलं.

बोटीवरच्या जवानांना मी दोष देत नाही. बाहेरून आलेली माणसं, अंधार, धावतं पाणी. त्यांना गल्ली दाखवणारा माणूस हवा होता, नाही तर नकाशा. दोन्ही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा अनुभव याहून जिव्हारी लागला. खिचडी आली, पाण्याच्या बाटल्या आल्या, ब्लँकेटं आली. नागपूरकरांनी हात आखडता घेतला नाही. पण गाड्या जिथवर जात होत्या तिथंच थांबत होत्या. रस्त्यावरच्या इमारतींत खिचडी पुन्हा पुन्हा पोचली, नाल्याकडच्या घरांत सायंकाळपर्यंत घोटभर दूध नाही. कुणी कुठं काय दिलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आमच्या ओळीतल्या कॉलेजातल्या एका मुलीनं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गल्ल्या आखल्या. प्रत्येक घराला चौकोन. जेवण पोचलं की हिरवी फुली. बाळंतीण, इन्सुलिनवाला, अंथरुणावरचा माणूस असेल तर लाल. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर ती तो कागद पसरायची आणि म्हणायची, ‘भाऊ, इथं झालं, आता मागच्या ओळीत चला.’ अंधार पडायच्या आत मागच्या ओळीत दूध आणि औषधं पोचली. हे काम त्या पोरीवर सोडायचं होतं का?

बाहेरच्या जगात हे कधीच सुरू झालं आहे. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा हाताशी नव्हता. देशोदेशीच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रं पाहून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर रस्ते आखले आणि मदत पथकांनी ते वापरले. काठमांडूच्या तरुणांनी तर शाळा, दवाखाने, रस्ते आधीच नोंदवले होते, म्हणून एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्यांना कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागली नाही. ‘आधीच’ हे महत्त्वाचं. पाणी चढल्यावर नकाशा काढता येत नाही.

आणि उपग्रहाला छप्पर दिसतं. गल्लीच्या तोंडाशी कुलूप लावलेलं फाटक आहे, पुलाखालून बोट जात नाही, हे तिथं राहणाऱ्यालाच माहीत. आशाताईंना माहीत, पोस्टमनला माहीत, कचरागाडीवाल्याला माहीत. नागपुरात जाणकारांची वाण नाही; उपग्रहाच्या छायाचित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर इथल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. हे जाणकार आणि गल्ली ओळखणारी माणसं, दोघांना एका टेबलाशी बसवा. जो नकाशा होईल तो कागदावरही हवा, कारण पुरात आधी वीज जाते, मग मोबाइल बंद पडतात. आजारी माणसांची नावं मात्र चव्हाट्यावर नकोत, ती यादी प्रभागातल्या एका जबाबदार माणसाकडे राहू द्या.

जाता जाता आणखी एक. आमच्या गल्लीच्या नावाची पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकली गेली आहे. एक वाढदिवस संपला की दुसरा फ्लेक्स चढतो. तक्रार दिली, पोच मिळाली, फ्लेक्स तसाच. उद्या बोट आली तर तिला शुभेच्छुकांचे चेहरे दिसतील, गल्लीचं नाव नाही.

आपणही बातमीसोबत नकाशा छापलात, पण तो तळहाताएवढा. वस्त्यांची नावं भिंग लावूनही वाचता येईनात, आणि खाली अर्धं पान जाहिरात. पुढचा नकाशा पान भरून छापा, गल्ल्यांच्या नावांसकट. आमच्या भागाची नावं आम्ही लिहून पाठवतो.

आपली,
एक वाचक, अंबाझरी परिसर, नागपूर