मुदतीत नोंदवलेले नवजात बाळ समूह आरोग्य विम्यातून गाळल्याबद्दल तक्रार

दिनांक: 9 जून 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
समूह आरोग्य विमा विभाग

महोदय,

आमच्या कारखान्याच्या पॉलिसीचे नूतनीकरण 1 एप्रिल 2025 रोजी झाले. कुटुंबीयांची नावे घालण्यासाठी 1 ते 15 एप्रिल अशी एनरोलमेंट विंडो होती. त्यानंतर वर्षभरात नाव चढते ते फक्त नवा कर्मचारी, नवविवाहित जोडीदार आणि नवजात बाळ यांचे, तेही 30 दिवसांच्या आत. हा नियम आम्हाला मान्य आहे. दार बारमाही उघडे ठेवले तर लोक आजारी पडल्यावरच नाव घालतील आणि हप्ता सगळ्यांचाच वाढेल.

पण इथे मुदत पाळूनही नाव गळाले. एका कर्मचाऱ्याचे बाळ 4 मे रोजी जन्मले. 12 मे रोजी आम्ही पोर्टलवर एक्सेल शीट चढवली. आपल्याच नमुन्याप्रमाणे आधी दिवस, मग महिना, म्हणून जन्मतारखेच्या रकान्यात 04/05/2025 असे भरले. आपल्या सिस्टीमने ते 5 एप्रिल असे वाचले, 37 दिवस मोजले आणि ती ओळ वगळली. पोर्टलवर मात्र ‘सबमिटेड’ दिसत राहिले. वगळलेल्या ओळींचा अहवाल आम्हाला आला नाही. बाळ जंतुसंसर्गामुळे एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) असताना टीपीएने (आपल्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) ‘सदस्य यादीत नाही’ म्हणून कॅशलेस नाकारले, तेव्हा हे उघड झाले. बिल आईवडिलांनी उसनवारी करून भरले.

चौकशी केल्यावर ‘विंडो बंद झाली’ एवढेच उत्तर मिळते. हप्ता आला नव्हता, असेही म्हणता येणार नाही. विमा कायदा 1938 च्या कलम 64व्हीबीनुसार हप्ता आधी जमा असावा लागतो, आणि 12 मे रोजी सीडी खात्यात (हप्त्यांसाठी आपल्याकडे आगाऊ जमा ठेवलेल्या रकमेच्या खात्यात) पुरेशी शिल्लक होती. त्या दिवसाचा उतारा सोबत आहे.

एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बाळाचे नाव घालणारी नोंद, 4 मेपासूनच लागू करावे, आजच्या तारखेपासून नको. नाहीतर हा दावा पुन्हा बाहेरच राहील. रिइम्बर्समेंटची (भरलेल्या बिलाच्या परतफेडीची) कागदपत्रे देण्याची मुदत एंडोर्समेंट मिळाल्या दिवसापासून धरावी. बाळाची नोंद सध्या ‘बेबी ऑफ’ व आईचे नाव अशी आहे. बारशानंतरचा नावबदल ही दुरुस्ती समजावी, नवी भरती नव्हे. शीटमध्ये महिना अक्षरी घ्यावा आणि प्रत्येक अपलोडनंतर स्वीकारलेल्या व नाकारलेल्या ओळी कारणासह कळवाव्यात. पहिल्या बारा तारखांपर्यंत दिवस आणि महिना असेच उलटतात, त्यामुळे मेमधल्या आमच्या इतर नोंदीही तपासाव्यात.

14 दिवसांत लेखी निर्णय न आल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ तक्रार पोर्टलवर आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे तक्रार नोंदवू. जन्मदाखला, मूळ शीट, 12 मेची पोर्टल पावती आणि टीपीएचे नकारपत्र जोडले आहे.

आपले,
मनुष्यबळ विभाग
(पॉलिसीधारक संस्थेतर्फे)