आमदाराकडं गटार नको, प्रश्न न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुका झाल्या की सोलापुरात राजकारण म्हणजे कोण कुठल्या पार्टीत गेला एवढंच उरतं, पार्क चौकात चहा घेत आपण सगळे एक्सपर्ट. पण राज्याच्या कारभारात आपण नक्की काय करतो विचारलं तर मत दिलं की झालं, एवढंच उत्तर येतं.

कुठल्याही आमदाराच्या ऑफिसात सकाळी जाऊन बघा. कुणी लग्नपत्रिका घेऊन, कुणाला बदलीसाठी शिफारसपत्र पाहिजे, कुणाच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलंय. 2022 पासून महापालिकेत प्रशासक बसला, नगरसेवकच नव्हते त्यामुळं कचऱ्यापासून लाईटपर्यंत सगळं आमदाराच्याच गळ्यात पडलं आणि ती सवय लागली ती लागलीच. लोकांची चूक म्हणत नाही मी, दार उघडं दिसेल तिथंच माणूस जाणार की. पण आमदाराचं खरं काम सभागृहात असतं आणि ते आपण कधी मागतच नाही. पेव्हर ब्लॉक मागतो, हायमास्ट मागतो, मग तोही तेवढंच देतो आणि बोर्डावर फोटो लावतो.

तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वरून उपप्रश्न येतात. मंत्री 'करू' म्हणाला तर ते आश्वासन म्हणून नोंदतात आणि पुढं आश्वासन समिती त्याच्या मागं लागते, निदान लागायला पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलमधली रिक्त पदं, विडी कामगारांची मजुरी, उजनीच्या पाण्याचं नियोजन, ही सगळी तिथं विचारायची कामं आहेत. फक्त प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, त्यामुळं डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन देऊन फोटो काढण्यात काही अर्थ नाही. दिवाळीच्या आसपासच आकडे, तारखा, जीआरची कॉपी असं सगळं एका कागदावर लिहून आमदाराच्या पीएला द्या. आमदाराला आयता प्रश्न मिळाला तर तो कशाला नको म्हणेल?

विधेयकांचंही तसंच. नक्षलवादी संघटनांना आळा घालायचा म्हणून सरकारनं आणलेलं जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं तेव्हा लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या, बारा हजारांहून जास्त आल्या. 2025 च्या जुलैत विधेयक मंजूर झालंच, पण मसुद्यात बदल करून. आता ते बदल पुरेसे होते का यावर वाद घाला, मीही घालीन, पण लिहून पाठवायची सोय असते हेच आपल्याकडं कित्येकांना माहीत नसतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे पुणे पदवीधर मतदारसंघ. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आपलं सोलापूर मिळून विधान परिषदेचा एक आमदार, मुदत सहा वर्षं. आमच्या शेजारचा पोरगा बीकॉम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, म्हणाला 'माझं नाव यादीत आहेच की ओ काका'. ती नेहमीची मतदार यादी, ही वेगळी! पदवीधरची यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. फॉर्म 18 भरायचा, पदवीची साक्षांकित प्रत जोडायची, आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली पाहिजेत. मत देतानाही शिक्का नाही, पसंतीचा 1, 2, 3 असा आकडा लिहायचा. 2020 ला यात चुकून हजारो शिकलेल्या लोकांची मतं बाद झाली, आता बोला.

संपादक साहेब, आपल्याकडं पण एक मागणं आहे. अधिवेशनात कोण कुणाला काय टोमणा मारला याच्या बातम्या आम्ही टीव्हीवर बघतोच. आपण अधिवेशन संपल्यावर जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा आमदारांनी काय प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं याची एक चौकट सोलापूर आवृत्तीत छापा. ज्याच्या नावापुढं काहीच नसेल तिथं जागा मोकळी सोडा, बाकीचं आम्ही बघून घेतो.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर