ती प्लेगात गेली नव्हती

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा दोन वाक्यांत 'बरं, जेवलीस का' वर येतात, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमच्या आजोबांची थोरली बहीण प्लेगात गेली नव्हती.

वांद्र्याला प्लेगच्या क्रुसापाशी थांबून तुम्ही दर वेळी तिची आठवण काढायचा. म्हणून मी दफनाच्या नोंदवहीपासूनच सुरुवात केली. मांडवीत पहिले रोगी सापडले ते सप्टेंबर 1896 मध्ये, तिथपासून पुढची पानं चाळली. सगळं पोर्तुगीज, आपलं चर्च पाद्रोआदोतलं, म्हणजे पोर्तुगालच्या अखत्यारीतलं. मुंबईतली काही चर्चं पोर्तुगालची, काही थेट रोमची, आणि तो दुहेरी कारभार मिटला थेट 1928 साली. चर्चची देखभाल करणारे सॅक्रिस्टनकाका शेजारी बसून अर्थ सांगत होते. एकेका घरातली तीन-तीन माणसं एका आठवड्यात. तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ सापडला. ती कुठेच नाही.

मग आत्याने एकदा दबक्या आवाजात सांगितलेलं आठवलं: 'तिला सिस्टरांनी नेली.' भायखळ्याच्या बाजूला एका कॉन्व्हेंटात गेले. बाप्तिस्म्याचं नाव सांगितलं तर म्हाताऱ्या सिस्टर हसल्या. व्रतं घेताना नाव बदलायचं, आणि नवं नाव पुष्कळदा पुरुष संताचंही असायचं. मी बाईच्या नावाने कितीही शोधलं असतं तरी काय मिळणार! आईबापांच्या नावांवरून शोधलं तेव्हा सापडली. खाली तिची सही. घरात तर सगळे म्हणायचे, तिला अक्षर येत नव्हतं. शेवटच्या अक्षरापाशी शाईचा मोठा ठिपका आहे, टाक तिथेच टेकवून ठेवल्यासारखा.

म्हणजे वांद्र्यापासून तासाभराच्या वाटेवर ती पन्नास वर्षं होती. सिस्टर म्हणाल्या, तेव्हा घरची पत्रं आधी मदर वाचायच्या आणि आईबापांच्या मयतालाही सोडत नसत. हे सगळं सैल झालं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 च्या पुढे. तोवर ती गेली होती. खरं सांगू, मला त्या मदरपेक्षा आपल्याच माणसांचा राग आला. जिवंत पोरीला प्लेगात घालून मोकळे झाले.

थडगं नाही. मुंबईत जागा कुठली? हाडं काढून तीच जागा पुढच्याला देतात. पण मठात मृतांची वही असते आणि ज्या तारखेला जी गेली, तिचं नाव त्या दिवशी प्रार्थनेत वाचतात. तिचं अजून वाचतात. 'घरचं कुणी येणार का?' असं सिस्टरांनी विचारलं. मी बाबांचं नाव सांगून आलेय. गुडघ्याचं कारण चालणार नाही, टॅक्सी मी करते.

आई, मोठ्या पेटीच्या तळाशी ते लाल लुगडं आहे ना, घडी न मोडलेलं? ते कुणासाठी घेतलेलं, बाबांना विचारून ठेव. रविवारी मिस्सा झाली की येतेच.

तुमची,
बाय