माझा काडी

ऑकलंड,
२१ जुलै

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला उशीर केला, घाल शिव्या. या वयात माओरी ही इथली मूळची भाषा शिकायचं खूळ कुठून आलं, असं विचारलंस ना? शेजारच्या आजीबाईंमुळे. इथे अशा वडीलधाऱ्या बाईला 'कुइया' म्हणतात. त्या संध्याकाळचा वर्ग घेतात. 'नुसता येऊन बस,' म्हणाल्या, म्हणून गेलो.

वही नाही, फळा नाही. टेबलावर रंगीत लाकडी काड्यांचा ढीग. बाईंनी एक उचलली : 'हे राकाउ.' ही काडी. मग लाल उचलली : 'हे राकाउ फेरो.' आधी काडी, मग तिचा रंग, आपल्या उलट. दोन तासांत इंग्रजीचा एक शब्द नाही!

ही पद्धत १९७९ साली कातेरिना मताइरा आणि न्गोई पेफाइरांगी या दोघींनी सुरू केली. नाव 'ते अताआरांगी'. दोघी तोकोमारू बे या एकाच गावच्या. काड्या मूळच्या बेल्जियमच्या एका मास्तरांच्या, गणितासाठीच्या. त्यांवर भाषा शिकवायची युक्ती कालेब गातेन्यो या शिक्षणतज्ज्ञाची. कातेरिनाबाईंनी ती उचलली नि माओरी करून टाकली. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेल्या पिढीने घरी पोरांशी इंग्रजीच धरली होती. १९७२ साली माओरीसाठी तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला, पण तिला राजभाषा करणारा कायदा व्हायला १९८७ उजाडलं. तोवर थांबायचं कशाला? या दोघींनी पदवीवाले शिक्षक शोधलेच नाहीत. ज्यांच्या तोंडात भाषा होती त्या साध्या माणसांच्या हातात काड्या दिल्या. (न्गोईबाई गाणीही लिहायच्या. त्यांचं 'पोई ए' १९८४ साली इथे पहिल्या नंबरावर होतं, अख्खं माओरीत.) कातेरिनाबाईंना २०११ साली 'डेम' किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

वर्गाचे नियम आहेत. इंग्रजी बोलायचं नाही. दुसरा अडला तर पटकन शब्द पुरवायचा नाही. मी मास्तरांचा पोरगा, माझे ओठ शिवशिवतात रे. आणि कुणाला हसायचं नाही.

हा शेवटचा मला लागला. गणपतीत इथल्या आपल्या मंडळींसमोर ओम म्हणाला, 'माझा आजी आली.' सगळे खो खो हसले. मीही हसलो. तेव्हापासून मराठीत विचारलं तरी पोरगा इंग्रजीतच उत्तर देतो.

तुझ्या आश्रमशाळेतली ती चौथीतली पोरगीही अशीच गप्प झाली असेल. तिची वारली बोली ऐकून आधी गुरुजीच हसतात, असं तूच लिहिलंस. तिच्या आजीला एक दिवस वर्गात बोलाव. आजी बोलेल, तू पोरांसारखा खाली बस आणि चुका कर. काड्या बांबूच्याही चालतील : एक ते दहा सेंटीमीटर, प्रत्येक लांबीला एक ठरलेला रंग. जव्हारात बांबूला काय तोटा?

काल घरी ओमसमोर काड्या पसरल्या. लाल उचलली आणि गप्प बसलो. बराच वेळ गेला. मग त्याने माझ्या हातातून ती ओढली.

'माझा काडी,' म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या