कासवाच्या सूपची किंमत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला जुन्या शाही मेजवान्यांवरचा लेख आवडला. पण कासवाचे सूप त्यात एका ओळीत उरकले आहे, ते खटकले.

हे सूप समुद्रातल्या हिरव्या कासवाचे. समुद्री गवत खाऊन त्याची चरबी हिरवट होते, म्हणून हे नाव. अन्नावाचून ते कित्येक आठवडे तग धरते आणि हा चिवटपणाच त्याच्या मुळावर आला. खलाशी त्याला डेकवर उताणे टाकत, अधूनमधून अंगावर पाणी मारत आणि लागेल तेव्हा कापत. अठराव्या शतकात ते असेच वेस्ट इंडीजहून जिवंत लंडनला पोचू लागले. वरच्या कवचालगतचा हिरवट, चिकट भाग 'कॅलिपॅश' आणि पोटाकडचा पिवळसर भाग 'कॅलिपी' म्हणून खवय्यांच्या तोंडी बसला. लंडनच्या महापौराच्या, म्हणजे लॉर्ड मेयरच्या, मेजवानीत तर हे सूप हवेच. ज्यांना कासव परवडत नसे, त्यांच्यासाठी वासराच्या डोक्याचे 'मॉक टर्टल' निघाले.

1503 मध्ये कोलंबसला कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांभोवती इतकी कासवे दिसली की त्याने बेटांना 'लास तोर्तुगास' म्हणजे कासवेच म्हटले. 1800 च्या सुमारास ती तिथे इतकी घटली की कासवे पकडणारे आधी क्यूबाकडे आणि मग निकाराग्वाच्या किनाऱ्याकडे वळले. विसाव्या शतकातला प्रकार तर फारच क्रूर होता. अंडी घालायला वाळूवर आलेल्या मादीची कॅलिपी तेवढी कापून घ्यायची, ती परदेशी सूपवाल्यांना विकायची आणि बाकीचे धूड तिथेच सडू द्यायचे!

दक्षिण अटलांटिकमधल्या अ‍ॅसेन्शन बेटावर कासवे कोंडण्यासाठी बांधलेली तळी अजून आहेत. तिथली कत्तल थांबली आणि काही दशकांत अंडी घालायला येणाऱ्या माद्या पुन्हा खूप वाढल्या.

आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी खाल्ली जात. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि ग्रामस्थ यांनी घरटी राखायला सुरुवात केली. अंडी गोळा करणारेच पुढे राखणदार कसे झाले, हे त्यांच्याकडूनच ऐकून पुरवणीत सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक वाचक, दापोली