आरसीबीचा पहिला करंडक २०२४ चा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादच्या मैदानावर रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने (आरसीबी) पंजाब किंग्जला सहा धावांनी हरवून आयपीएलचा करंडक मिळवला, तेव्हा शहापुरातील आमच्या गल्लीत मध्यरात्र उलटून गेली तरी फटाके वाजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बातम्या मोठ्याने वाचत होते. अठरा वर्षांची प्रतीक्षा संपली, आरसीबीचे हे पहिलेच विजेतेपद, असे जवळजवळ सर्वत्र लिहिले होते. शेजारी बसलेल्या, यंदा सहावीत गेलेल्या माझ्या नातीने मला मध्येच थांबवले आणि विचारले, "आज्जी, पहिलं कसं? मग स्मृतीनं जिंकलेला कप कुठला?" प्रश्न बिनतोड होता, कारण स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली आरसीबीच्या महिला संघाने २०२४ मध्येच करंडक जिंकला होता.

या विजयाचा मला झालेला आनंद कोणाहूनही कमी नाही, हे आधीच नमूद करते. २००९ मध्ये जोहान्सबर्गला डेक्कन चार्जर्सविरुद्ध आपण अंतिम सामना हरलो तोही सहाच धावांनी. २०११ मध्ये चेन्नईत हरलो, आणि २०१६ मध्ये तर स्वतःच्या चिन्नास्वामी मैदानावर, हैदराबादच्या २०८ धावांचा पाठलाग करताना २०० पर्यंत पोहोचून हरलो. त्या रात्री माझे यजमान न जेवता झोपले होते. यंदाचा विजय पाहायला ते नाहीत. १९० ही धावसंख्या त्या मैदानावर पुरेशी आहे असे मला मध्यंतरात वाटत नव्हते. परंतु कृणाल पांड्याने चार षटकांत अवघ्या १७ धावा देऊन दोन बळी घेतले आणि सामना तिथेच आपल्या बाजूला झुकला, असे माझे मत आहे. शेवटच्या षटकात पंजाबला २९ धावा हव्या होत्या. आपल्या हेझलवूडचे पहिले दोन चेंडू निर्धाव गेले तेव्हा विजय जवळजवळ निश्चित झाला, आणि पुढच्या चार चेंडूंत शशांक सिंगने २२ धावा काढल्या तरी त्याने काही बिघडणार नव्हते. पहिल्या हंगामापासून याच संघात राहिलेला विराट कोहली सामना संपण्याआधीच डोळे पुसत होता. त्याला पाहून माझेही डोळे भरून आले.

तरीही नातीचा प्रश्न उरतोच. १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत झालेला महिला प्रीमियर लीगचा अंतिम सामना आम्ही दोघींनी याच खोलीत बसून पाहिला होता. दिल्लीची सलामी सात षटकांत बिनबाद ६४ अशी सुसाट चालली होती आणि तो सामना आपल्या हातातून गेलाच, असे मी बोलूनही गेले होते. आठव्या षटकात सोफी मॉलिन्यूने तीन बळी घेतले, त्यानंतर श्रेयांका पाटीलने १२ धावांत चौघींना बाद केले आणि यजमान संघ ११३ धावांत आटोपला. एलिस पेरीने एक बाजू लावून धरली, रिचा घोषने विजयी चौकार मारला. हाच संघ त्याआधीच्या वर्षी, पहिल्या हंगामात, सलग पाच सामने हरला होता. पुरुषांच्या संघाला सोळा हंगामांत जे जमले नव्हते, ते या मुलींनी दुसऱ्याच हंगामात करून दाखवले.

अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधीचा सामना तर आमच्या गल्लीसाठी अधिकच जिव्हाळ्याचा होता, कारण समोर मुंबई होती. बेळगावात निम्मी घरे मुंबई इंडियन्सची आहेत, आणि मराठी बोलणाऱ्या बाईने बंगळुरूच्या संघाचा एवढा ध्यास का घ्यावा, असे मला अनेकदा विचारले जाते. आशा शोभनाने शेवटच्या षटकात बारा धावांचा बचाव केला आणि आपण पाच धावांनी जिंकलो, त्या रात्री मला ते कोणी विचारले नाही. बंगळुरूच्या त्या संघाची कर्णधार सांगलीची होती. सांगली-मिरजेकडे आमच्या पिढ्यान्पिढ्यांच्या सोयरिकी आहेत. माझे स्वतःचे माहेर मिरजेचे. करंडक स्वीकारल्यावर स्मृती मानधना मैदानात उभी राहून, चाहते वर्षानुवर्षे म्हणत आलेले 'ई साला कप नमदे' हे वाक्य बदलून 'ई साला कप नमदु' असे कन्नडमधून म्हणाली. 'यंदा कप आपलाच' ही आशा होती, 'यंदा कप आपला' ही वस्तुस्थिती झाली. कन्नड आपली भाषा नसली तरी चाहत्यांसाठी हे म्हणणे महत्त्वाचे होते, असेही तिने सांगितले. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते फार जवळचे वाटले.

त्यानंतर दोनच दिवसांनी चिन्नास्वामी मैदानावर पुरुषांच्या संघाने दोन रांगांत उभे राहून या मुलींना मानवंदना दिली. विराटसह त्या खेळाडूंना पहिला करंडक कोणी आणला याची जाण होती; बातम्या लिहिणाऱ्यांना पंधरा महिन्यांत तिचा विसर पडावा, याचे मला वाईट वाटते. त्याच मैदानाच्या दारांबाहेर यंदा ४ जूनला, विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत, चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा जीव गेला. ती सारी आपल्यासारखीच, आनंदात सहभागी व्हायला घरून निघालेली माणसे होती. ती बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलांनी त्या संध्याकाळची मिरवणूक कोणी न सांगता रद्द केली.

माझी नात सुटीत गल्लीतल्या मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळते. तिला बॅट सर्वांत शेवटी मिळते, आणि पुष्कळदा तोवर अंधार पडलेला असतो. पहिला कप मुलींनी आणला हे तिला तिथे सांगता येते, पण छापील कागदावर वेगळेच असेल तर मुले तिचे ऐकणार नाहीत. म्हणून आपणास विनंती की, यापुढे या विजयाचा उल्लेख करताना 'पुरुष संघाचे पहिले विजेतेपद' असे लिहावे. जागा एका शब्दाचीच लागेल.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव